बॅच अर्ध्यात आली की सिग्नल पडतो: एलसी-एमएस/एमएसवर पेस्टिसाइड करताना काय काय आणि कोणत्या क्रमाने बघायचं

एलसी-एमएस/एमएस म्हणजे अर्कातली औषधं (पिकावर मारलेली कीटकनाशकं-तणनाशकं) कॉलममध्ये वेगळी करून त्यांचे आयन वस्तुमानाने ओळखणारं मशीन. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल.

सकाळी कॅलिब्रेशन झकास येतं, लाइन सरळ, मग सोयाबीन नाहीतर लसणाचे सॅम्पल सुरू होतात आणि बारा-पंधरा इंजेक्शननंतर इंटर्नल स्टँडर्डचा (प्रत्येक सॅम्पलमध्ये मुद्दाम सारखाच घातलेल्या पदार्थाचा) एरिया हळूहळू खाली सरकायला लागतो, रात्री बॅच संपेपर्यंत निम्म्यावर आलेला असतो. दर दहा सॅम्पलनंतर जो चेक स्टँडर्ड लावतो तोही तसाच पडलेला. कधी सगळे कंपाउंड एकत्र पडतात, कधी फक्त सुरुवातीला येणारे, म्हणजे मेथामिडोफॉस, अ‍ॅसिफेट, ओमेथोएट वगैरे, आणि कधी एखादा पीक सरळ गायबच होतो. काही वेळा दोन ट्रान्झिशनचं (औषधाचा आयन आणि त्याचा तुकडा अशा मोजायच्या जोड्यांचं) गुणोत्तर बिघडतं, इमिडाक्लोप्रिडचा २५६ ते २०९ ठीक दिसतो पण २५६ ते १७५ नॉइजमध्ये बुडलेला. दुसऱ्या दिवशी मशीन आरामात राहिलं की सकाळी पुन्हा थोडं बरं वाटतं आणि दुपारी पुन्हा तेच रडगाणं.

मी इंदूरला फूड टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं हेच काम करतोय, आणि हा एकच त्रास इतक्या वेळा निस्तरलाय की आता क्रम डोक्यात बसलाय. नवीन मुलं-मुली विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

एक गोष्ट मला फार लागते ती आधीच सांगतो. सिग्नल पडला की चूक नेहमी एकाच बाजूला होते, जे औषध मालात आहे ते आपल्याला दिसत नाही आणि रिपोर्टवर 'आढळलं नाही' असं छापलं जातं. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो धरतात, इतक्या खाली काम करताना सिग्नल निम्मा झाला म्हणजे आपण आंधळेच झालो. तो माल कोणाच्या तरी घरात शिजणार आहे. म्हणून 'इंटर्नल स्टँडर्डने करेक्ट होऊन जाईल' म्हणत बॅच पुढे ढकलू नका. युरोपच्या सॅन्टे गाइडलाइनप्रमाणे आधीच्या आणि नंतरच्या स्टँडर्डमधला फरक ३० टक्क्यांच्या आत राहायला पाहिजे, त्याच्या बाहेर गेलं की बॅच थांबवा आणि खालच्या क्रमाने बघा.

फुकटातलं आधी: डेटा नीट बघा

स्क्रू-ड्रायव्हर शोधायच्या आधी खुर्चीत बसून क्रोमॅटोग्राम बघा. सगळे कंपाउंड सारखेच पडलेत की काहीच, हा पहिला प्रश्न, आणि अर्धं निदान इथेच होतं.

पीक सरळ गायब असेल तर आधी रिटेन्शन टाइम (औषध कॉलममधून बाहेर यायची वेळ) तपासा. आपण शे-दोनशे औषधं एकाच रनमध्ये करतो म्हणून प्रत्येकाला छोटी वेळखिडकी दिलेली असते, समजा तीस सेकंद अलीकडे-पलीकडे. ओव्हनचं तापमान हललं, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) थोडा वेगळा बनला किंवा पंप कमी फ्लो द्यायला लागला की पीक खिडकीच्या बाहेर सरकतो आणि मशीन त्या वेळी त्याला बघतच नसतं. सेन्सिटिव्हिटी व्यवस्थित असते, आणि आपण उगाच सोर्स (जिथे द्रवाचा फवारा होऊन आयन बनतात तो भाग) घासत बसतो. एकदा मी दोन दिवस यात घालवलेत, शेवटी कॉलम ओव्हनचं दार नीट लागलेलं नव्हतं. खिडकी मोठी करून एक स्टँडर्ड मारा, पीक परत दिसला तर वेळेचा प्रश्न. रिटेन्शन टाइम ०.१ मिनिटाच्या आत राहिला पाहिजे हा नियम यासाठीच आहे.

फक्त अ‍ॅबामेक्टिन पडलं आणि बाकी ठीक असेल तर थेट बफरकडे जा. अ‍ॅबामेक्टिन आपण अमोनियम चिकटलेल्या आयनवर मोजतो, ८९० ते ३०५. अमोनियम फॉर्मेट घालायचं राहिलं, जुनं झालं किंवा बाटलीतून सोडियम उतरलं की ते सोडियम धरून ८९५ ला जाऊन बसतं आणि आपल्या ट्रान्झिशनवर दुष्काळ. माझ्यासाठी अ‍ॅबामेक्टिन हे बफर बरोबर बनलाय की नाही ते सांगणारं औषध आहे.

इंटर्नल स्टँडर्डवरही डोळे मिटून विश्वास नको. बरेच जण एकटं ट्रायफेनिल फॉस्फेट वापरतात, ते शेवटच्या भागात येतं, तेव्हा सुरुवातीच्या दोन मिनिटांत मॅट्रिक्सने (सॅम्पलमधल्या औषधाशिवायच्या बाकी घटकांनी) काय धुमाकूळ घातला ते त्याला कळणारच नाही. जमलं तर एक लवकर येणारं लेबल्ड स्टँडर्ड ठेवा, डायमेथोएट-डी६ चांगलं काम करतं.

तीन वायल

ही टेस्ट मला सगळ्यात लाडकी आहे, खर्च जवळपास शून्य आणि अर्ध्या तासात कळतं की रोग कुठल्या घरात आहे.

पहिल्या वायलमध्ये ताजं स्टँडर्ड, नुसत्या सॉल्व्हंटमध्ये. दुसरीत ज्या सोयाबीनमध्ये काही नाही त्याचा तयार अर्क घ्या आणि त्यात शेवटी तेवढंच स्टँडर्ड घाला. तिसरीत त्याच ब्लँक सोयाबीनच्या पिठात सुरुवातीलाच स्टँडर्ड टाकून पूर्ण एक्स्ट्रॅक्शन केलेला अर्क. तिन्हीत शेवटची कॉन्सन्ट्रेशन सारखी आली पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

पहिलीच कमी आली तर दोष मशीनचा, मोबाइल फेजचा नाहीतर स्टँडर्डचा. पहिली छान आणि दुसरी कमी तर मॅट्रिक्स सप्रेशन, म्हणजे अर्कातला कचरा सोर्समध्ये थेंबावरचा चार्ज स्वतःच ओढून घेतोय आणि आपल्या औषधाला आयन बनायला जागा देत नाही. पहिली-दुसरी छान आणि तिसरी कमी तर एक्स्ट्रॅक्शन किंवा क्लीनअपमध्ये माल हरवतोय, मशीनला हात लावायची गरजच नाही.

तिसऱ्या प्रकाराचं आमच्या भागातलं ठळक उदाहरण म्हणजे इमाझेथापायर. माळव्यात सोयाबीनच्या तणासाठी हे भरपूर मारतात, तेव्हा ते यादीत हवंच. पण त्याच्यात अ‍ॅसिडचा गट आहे, आणि क्लीनअपमधली पीएसए पावडर फॅटी अ‍ॅसिड पकडते तशी यालाही पकडून ठेवते. स्टँडर्डमध्ये २९० ते १७७ सुरेख, सॅम्पलमध्ये काहीच नाही. २,४-डी चीही तीच गत. अशांसाठी पीएसए न लावता अर्काचा वेगळा भाग काढून डायल्यूट करून मारा. तसंच पालक-मेथीचा हिरवा रंग काढायला काळी कार्बन पावडर जास्त घातली की थायबेंडाझोल आणि कार्बेन्डाझिमसारखी चपटी औषधं तिच्यावरच चिकटून राहतात.

मोबाइल फेज आणि बाटल्या

पहिली वायल कमी असेल तर मशीन उघडायच्या आधी मोबाइल फेज फेकून नवा बनवा. आमच्याकडे ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट आणि ०.१ टक्का फॉर्मिक अ‍ॅसिड, पाण्यातही आणि मिथेनॉलमध्येही. उरलेल्यात नवीन ओतून 'टॉप-अप' करायची सवय मोडा, पाण्याच्या बाटलीत बुरशी-बॅक्टेरिया धरतात, उन्हाळ्यात इंदूरला ४२ डिग्री होतं आणि रात्री एसी बंद असला की अजूनच लवकर. पाणी १८.२ मेगाओमचं आणि त्याच दिवशी काढलेलं.

बाटल्या साबणाने धुवायच्या नाहीत, हे मी हात जोडून सांगतो. नवीन आलेल्या मदतनीस पोराने एकदा प्रेमाने सगळ्या बाटल्या भांड्यांच्या लिक्विडने घासून चकचकीत करून ठेवल्या, पुढचा आठवडाभर स्कॅनमध्ये ४४-४४ च्या अंतरावर पीकांची शिडी दिसत होती, ते साबणातलं पॉलिइथिलीन ग्लायकोल, आणि ते इतकं छान आयनाइझ होतं की बाकी सगळं दाबून टाकतं. त्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता बाटल्यांच्या कपाटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

संशय असला की फुल स्कॅन करून पार्श्वभूमी बघा. ३९१ ला मोठा पीक म्हणजे प्लॅस्टिकमधलं थॅलेट, ३३८ म्हणजे एरुकामाइड, तेही प्लॅस्टिकचंच. कुठल्या तरी नवीन ट्यूब, टिप किंवा पिशवीतून येतंय, मागच्या महिन्यात काय बदललं ते आठवा. आणि ज्या एचपीएलसीवर फॉस्फेट बफर किंवा ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड चालतं तिथली बाटली, फिल्टर, नळी इकडे आणायची नाही, फॉस्फेट उडून जात नाही, सोर्समध्ये मीठ होऊन बसतं.

इंजेक्शन

एकाच वायलमधून सहा वेळा मारा. सहा वेळा वर-खाली उड्या मारत असेल तर ऑटोसॅम्पलर, एकसारखं सरळ खाली उतरत असेल तर सोर्स. वायलच्या तळाशी हवेचा बुडबुडा अडकलाय का, इन्सर्टमध्ये द्रव पुरेसा आहे का, सेप्टाचा (वायलच्या झाकणातल्या रबराचा) तुकडा सुईत गेलाय का, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

सुरुवातीच्या औषधांचे पीक फाटलेले किंवा पुढून पसरलेले दिसत असतील तर ते सप्रेशन वाटू शकतं पण कारण साधं असतं, अर्क शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये आहे आणि ग्रेडियंट पाण्याने सुरू होतोय, मेथामिडोफॉस कॉलमला धरायच्या आधीच अ‍ॅसिटोनायट्राइलबरोबर वाहून जातं. पाण्याने डायल्यूट करा किंवा एक-दोन मायक्रोलिटरच टाका.

प्रेशर

नवीन कॉलम लावला त्या दिवशी सुरुवातीचं प्रेशर वहीत लिहून ठेवा, दुसऱ्याच्या लॅबच्या आकड्याचा काही उपयोग नाही. माझा अंदाज असा, त्याच्यापेक्षा २० टक्के वर गेलं की गार्ड (कॉलमच्या आधी लावलेला छोटा संरक्षक कॉलम) बदलायचा. गार्ड महाग वाटतो म्हणून लोक वाट बघतात आणि मग कॉलम जातो. प्रेशर उलट कमी झालं असेल तर कुठेतरी गळती, सांध्यांना टिश्यू लावत जा.

सॅम्पल जड आहे, हे मान्य करा

माझ्या हाताखालून गेलेल्या दहातल्या सात-आठ केसमध्ये शेवटी हेच निघालं. सोयाबीनमध्ये अठरा-वीस टक्के तेल आणि चाळीसच्या आसपास प्रोटीन, लसणात गंधकाची संयुगं, निमाडच्या मिरचीचा लाल अर्क तर बघूनच धडकी भरते. मशीन एक वेळ सहन करेल, पण त्याला रोज हेच पाजलं तर ते किती दिवस टिकणार?

क्वेचर्स ही अर्क काढायची पद्धत २००३ साली फळं-भाज्यांसाठी आली, दहा ग्रॅम सॅम्पल, दहा मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि एक ग्रॅम मीठ. टोमॅटोला ती सरळ लावता येते कारण पाणी त्याच्यातच आहे. सोयाबीन कोरडं, त्याला आम्ही पाच ग्रॅम घेतो, दहा मिली पाणी घालून अर्धा तास भिजू देतो आणि मगच दहा मिली अ‍ॅसिटोनायट्राइल. नंतर अर्क रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवला की बरीच चरबी गोठून खाली बसते, वरचं निवळ थंड असतानाच काढायचं, आणि मग क्लीनअपला पीएसएबरोबर सी१८ (चरबी धरणारी पावडर). फ्रीजरला वेगळा खर्च नाही, फक्त एक रात्र जाते, आणि रिपोर्टची घाई असली की पहिली काट याच रात्रीवर बसते हे मी वारंवार पाहिलंय.

आणि डायल्यूट करा. लोक घाबरतात की दहापट पातळ केलं तर दिसणार कसं, म्हणून हिशोब करून दाखवतो. पाच ग्रॅम दहा मिलीत म्हणजे एका मिलीत अर्धा ग्रॅम सोयाबीन. ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे अर्कात ५ नॅनोग्रॅम प्रति मिली. दहापट पातळ केल्यावर ०.५. दोन मायक्रोलिटर टाकले तर कॉलमवर १ पिकोग्रॅम. आजच्या बऱ्याचशा ट्रिपल क्वाड्रुपोलना (म्हणजे याच प्रकारच्या एमएस/एमएस मशीनना) बहुतेक औषधांसाठी एवढं पुरतं, कारण सप्रेशनही तेवढंच उतरतं आणि नॉइजही. तुमचं मशीन जुनं असेल तर पाचपट करून बघा. आम्ही पाचपटावर आलो तेव्हा सोर्स साफ करायचे दिवस आठवड्यावरून महिन्यावर गेले.

डायव्हर्ट व्हॉल्व्ह असेल तर पहिलं मिनिट आणि शेवटचा कॉलम धुण्याचा भाग वेस्टमध्ये सोडा, साखर-मीठ सुरुवातीला येतं आणि तेल शेवटी. कॅलिब्रेशन शक्यतो त्याच मॅट्रिक्समध्ये बनवा. ज्यांच्याकडे सिरिंज पंप आहे त्यांनी कॉलमनंतर, सोर्सच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) लावून औषध सतत सोडत ब्लँक अर्क इंजेक्ट करून बघावा, ज्या मिनिटाला रेषा खड्ड्यात जाते तिथे कचरा येतोय हे डोळ्यांनी दिसतं.

नायट्रोजन

पावसाळ्यात त्रास वाढतो असं वाटत असेल तर कॉम्प्रेसरच्या खोलीत जा. आर्द्र हवा दाबली की टाकीत पाणी साचतं, ड्रेन नाही केलं तर ते फिल्टरमधून जनरेटरपर्यंत जातं, नायट्रोजनचं प्रेशर डुलायला लागतं आणि स्प्रे थुंकल्यासारखा होतो. एका जुलैत टाकीचा ड्रेन उघडला तर बादलीभर गढूळ पाणी आलं. जून ते सप्टेंबर रोज सकाळी ड्रेन, बाकी वर्षात आठवड्यातून दोनदा, आणि गेज वहीत लिहायचं.

सोर्स साफ करणं

आता हात घालायचा. फ्लो बंद, हाय व्होल्टेज बंद, हीटर बंद, आणि सोर्स खरंच गार होईपर्यंत थांबा, तिथे काही मशीनमध्ये ५०० डिग्रीपर्यंत गरम असतं, मी भाजलेला हात पाहिलाय. ग्लोव्हज घालून, धागे न सोडणारं वाइप घ्या, मिथेनॉल आणि पाणी अर्धं-अर्धं, त्यात थोडं फॉर्मिक अ‍ॅसिड. कर्टन प्लेट किंवा कोनच्या बाहेरचा भाग पुसा, तपकिरी-पिवळा थर निघेल. हाच थर चार्ज धरून बसतो आणि येणाऱ्या आयनला ढकलतो, म्हणून आराम दिल्यावर सकाळी थोडं बरं वाटतं आणि मग पुन्हा पडतं. स्प्रेची सुई बाहेर काढता येत असेल तर त्याच मिश्रणात दहा मिनिटं सोनिकेट करा, टोक वाकडं दिसलं तर बदलाच. छिद्रात तार, टाचणी काही घालायचं नाही.

लावल्यावर तासभर मोबाइल फेज चालू ठेवा, मग सॉल्व्हंट स्टँडर्ड सहा वेळा, आणि एरिया वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. परत आला तर मॅट्रिक्सच्या भागाकडे पुन्हा जा, कारण थर कुठून आला ते तिथेच कळणार, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच.

इथे हात काढा आणि इंजिनिअरला बोलवा

सोर्स साफ, मोबाइल फेज नवा, नायट्रोजन स्थिर आणि तरीही सॉल्व्हंट स्टँडर्ड जुन्याच्या निम्म्यावर, तर आता तुमचं काम संपलं. व्हॅक्युमचा आकडा नेहमीपेक्षा वर राहतोय, टर्बो पंपाचा आवाज बदललाय, ट्यूनमध्ये मास सरकलंय, डिटेक्टरचं व्होल्टेज दर वेळी वाढवावं लागतंय, हाय व्होल्टेजचा एरर येतोय, यातलं काहीही असेल तर झाकण उघडायचं नाही. आतला आयन गाइड आणि क्वाड्रुपोल बोटाच्या एका ठशाने खराब होतात, आणि चालू टर्बोवर चुकीच्या वेळी हवा सोडली तर पंपच जातो. रफ पंपाचं तेल बघायला हरकत नाही, काळं झालं असेल तर बदलायचं, पण ते शिकवलेलं असेल तरच. लाईट जाऊन व्हॅक्युम पडलं असेल तर पुन्हा पंप चालू करून निदान एक रात्र द्या, त्या दिवशीच्या आकड्यांवर मशीनला दोष देऊ नका. खोलीत नायट्रोजनची मोठी गळती वाटली तर आधी बाहेर या, मग फोन.

बोलवताना हातात हे तयार ठेवा: चांगल्या दिवसाचा आणि आजचा स्टँडर्डचा क्रोमॅटोग्राम, सहा इंजेक्शनचे एरिया, व्हॅक्युमचे आणि नायट्रोजनचे आकडे, शेवटचा ट्यून रिपोर्ट, तीन वायलचा निकाल, आणि तुम्ही काय काय केलंत त्याची तारखेसकट यादी. आमच्याकडे इंजिनिअर बहुतेक बाहेरगावाहून येतो, एवढं त्याला आधीच पाठवलं तर तो बरोबर पार्ट घेऊन निघतो. आणि ज्या बॅचमध्ये सिग्नल पडला होता तिच्यातले शेवटच्या चांगल्या चेक स्टँडर्डनंतरचे सगळे सॅम्पल फ्रीजरमध्ये तसेच राहू द्या, मशीन सुधारलं की ते पुन्हा मारायचे, त्याआधी रिपोर्टवर सही करायची नाही.